कौटुंबिक विचार : सुट्टीसाठी डोंगर कोणता?



सुट्टी जवळ येऊ लागली, की ज्या घरी चार पैसे गाठीला आहेत आणि दाराशी एखादी गाडी उभी आहे, त्या घरी एक गोड वाद सुरू होतो. यंदा कोठे जावयाचे, हा तो वाद. युरोपात आल्प्स पर्वताच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांनाही तो चुकलेला नाही. हिवाळा आला, की घरापासून गाडीने दोन-तीन तासांत गाठता येईल असा बर्फाचा डोंगर कोणता, मुलांना तेथे बर्फावरून घसरण्याचा खेळ, ज्यास स्कीइंग म्हणतात तो, शिकता येईल काय, मुक्कामाचा खर्च झेपेल काय, याचा ती कुटुंबे खल करीत बसतात. आमच्याकडील मुलेही आता ही चित्रे मोबाइलवर पाहतात आणि आईबापांजवळ बर्फाचा हट्ट धरतात.

सुरतेस नोकरीधंद्यानिमित्त जाऊन राहिलेल्या आमच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांपुढे हाच प्रश्न येतो. सुरत शहराशी आपला संबंध तसा जुना आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली सुरतेवर स्वारी केली, तेव्हा तेथील कापुचिन धर्मगुरू आंब्रोज यांच्या निवासास त्यांनी धक्का लागू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. आज त्याच शहरात कापडाच्या आणि हिऱ्यांच्या व्यवसायाने लक्षावधी माणसे ओढून आणली आहेत. वर्षभर यंत्रांच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसास चार दिवस थंड हवेत, झाडांच्या सावलीत जावेसे वाटले, तर त्यात नवल ते काय?

खेड्यातील आमचे वाचक म्हणतील, हे शहरी चोचले आमच्यापुढे कशास मांडता? त्यांस आमचे सांगणे असे, की हा प्रश्न तुमच्याही ओसरीपर्यंत आलेला आहे. सुरतेचा मुलगा गाडी घेऊन गावी येतो आणि आईबापांस म्हणतो, 'चला, तुम्हांला डोंगर दाखवून आणतो.' मग त्या प्रवासात म्हातारीचे गुडघे, सुनेच्या कडेवरचे मूल, नातवाचा हट्ट आणि मुलाची मोजकी रजा ही सारी एकाच गाडीत बसतात. अशा वेळी डोंगराची निवड नीट झाली तर घर एकत्र येते. ती चुकली तर घरातील अबोला आठवडाभर टिकतो, आणि कधीकधी त्याहूनही भारी किंमत मोजावी लागते. म्हणून या विषयाचा चार अंगांनी विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

विसावा घेणे हा आळस नव्हे, हे प्रथमच सांगून ठेवतो. प्रेषित कामगिरीवरून थकून परत आले, तेव्हा प्रभू येशूने त्यांस गर्दीतून दूर, एकांत स्थळी येऊन विश्रांती घेण्यास सांगितले, हे मार्काच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. अकरावे पायस पोपपदावर येण्यापूर्वी नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी आल्प्समधील मोंते रोझा हे शिखर अवघड बाजूने सर केले होते. आणि तूरिन शहराचा पिएर जॉर्जो फ्रासाती हा तरुण तर बर्फावरील खेळाचा आणि डोंगरचढीचा मोठा शौकीन होता. सुखवस्तू घरात जन्मलेला हा मुलगा सुट्टीत मित्रांना घेऊन पर्वतावर जाई आणि एरवी आपल्या शहरातील गरिबांच्या खोल्यांतून औषधे व अन्न पोहोचवी. १९२५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी त्यास मरण आले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने त्यास संतपद दिले. डोंगर आणि गरीब या दोहोंवर एकाच हृदयाने प्रेम करता येते, हे या संताने दाखविले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता मुलांच्या बर्फाचा निकाल लावू. आपल्या देशात बर्फावरील खेळाची प्रसिद्ध ठिकाणे म्हणजे काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडातील औली आणि हिमाचलातील मनालीजवळचे सोलंग. ही तिन्ही सुरतेहून हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. हृदयविकार किंवा दमा असलेल्या वृद्धास तेथे नेण्यापूर्वी वैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. एवढा प्रवास आगगाडीने, पुरेशी रजा व पैसा साठवून, आयुष्यात एखादे वेळी करावा. गाडीत बसून दोन दिवसांत करावयाचा तो प्रवासच नव्हे, हे मुलांना समजावून सांगावे. मुले समजूतदार असतात. त्यांच्यापुढे नकाशा पसरला, की हट्ट आपोआप निवळतो.

मग सुरतेच्या आवाक्यात काय आहे? प्रथम धरमपूरजवळचे विल्सन हिल. धरमपूर संस्थानच्या राजांनी हे ठिकाण वसविण्याचे योजिले आणि १९२३ ते १९२८ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास दिले. उंची सुमारे साडेसातशे मीटर, आणि सुरतेहून अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या आसपास. पहाटे निघून सायंकाळी परतता येते. हवा स्वच्छ असेल तर तेथून दूरवर समुद्राची रेघ दिसते. मात्र सोयी बेताच्या आहेत. शिदोरी घरूनच न्यावी.

दुसरे सापुतारा. डांग जिल्ह्यातील हे गिरिस्थान सुरतेहून सुमारे १६० ते १७० किलोमीटरांवर, हजार मीटरच्या जवळपास उंचीवर आहे. तलाव, नौका, दोरवाट, डांगी जीवनाचे संग्रहालय, सूर्योदय-सूर्यास्त पाहण्याच्या जागा, सर्व प्रकारची उतरण्याची ठिकाणे येथे आहेत. समोरच महाराष्ट्राच्या हद्दीत, सुरगाणा तालुक्यात, हतगडचा किल्ला उभा आहे. हिवाळ्यात या परिसरात रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरी विकावयास बसलेले शेतकरी भेटतात. वाटेत वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा आहे; तो पावसाळ्यात व त्यानंतरचे काही आठवडे भरून वाहतो. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी बिलिमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरांची लहान रुळांची आगगाडी ध्यानात ठेवावी. गायकवाडांच्या काळात, १९१३ साली, ती सुरू झाली. मध्यंतरी बंद पडली होती; २०२१ साली ती पुन्हा धावू लागली. घरातील लहान मुलांस सापुताऱ्यापेक्षा हीच गाडी अधिक आवडण्याचा संभव आहे.

तिसरे तोरणमाळ. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या माथ्यावर, सुमारे ११५० मीटर उंचीवरचे हे पठार सुरतेहून अडीचशे किलोमीटरांच्या आसपास पडते. यशवंत तलाव आणि सीताखाईची खोल दरी ही तेथील मुख्य स्थळे. गर्दी कमी, शांतता भरपूर. परंतु शहाद्यापुढील घाट वळणावळणाचा आहे आणि मुक्कामाच्या सोयी मोजक्याच आहेत. तरुण मंडळींस, तीन दिवसांची सवड असल्यास, याहून सुंदर जागा शोधावी लागणार नाही. महाबळेश्वर व अबू ही नामांकित स्थाने सुरतेहून सुमारे पाचशे किलोमीटरांवर आहेत. दोन दिवसांच्या रजेत त्यांचा विचारही करू नये.

आता निवड कशी करावी? लोक किलोमीटर मोजतात. आमचा सल्ला असा, की तास मोजावेत. सपाट हमरस्त्यावर शंभर किलोमीटर दीड-दोन तासांत जातात. घाटात ताशी तीस किलोमीटर झाले तरी पुष्कळ. वघईपासून सापुतारा सुमारे पन्नास किलोमीटर आहे, आणि चारपाच तासांच्या प्रवासातील थकविणारा भाग तोच आहे. उंचीचाही हिशेब असाच डोळसपणे करावा. साधारणपणे हजार मीटर चढले, की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे सापुतारा सोडून तोरणमाळास गेल्याने उंचीच्या हिशेबाने लाभ होतो तो एका अंशाचा, आणि त्यासाठी जाऊन-येऊन दीडशेहून अधिक किलोमीटर जास्त चालवावे लागते. तो एक अंश आजीच्या कंबरेस परवडेल काय, हे आजीलाच विचारावे. किंबहुना सर्व निवडीचा एकच नियम आम्ही सांगू : घरातील जो सर्वांत अशक्त, त्याच्या सोईने ठिकाण ठरवावे. तरणेताठे कोठेही रमतात.

हंगामाचा प्रश्न तर प्राणाशी गाठ घालणारा आहे. पावसाळ्यात डांग हिरवागार होतो आणि सुरतेची गर्दी तिकडे लोटते. परंतु त्याच दिवसांत धुके दाटते, रस्ता निसरडा होतो आणि दरडी खाली येतात. २०२४ च्या जुलै महिन्यात सुरतेच्या प्रवाशांची बस सापुताऱ्याच्या घाटात कोसळली आणि दोन लहान मुले दगावली. २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे कोरड्या दिवसांतही, यात्रेकरूंची बस याच परिसरात दरीत जाऊन किमान पाच जणांचा अंत झाला. सहलीस म्हणून निघालेली माणसे घरी परत आली नाहीत, याहून मोठे दुःख ते कोणते? म्हणून वाहन चालविणाऱ्या आमच्या तरुण बंधूंस कळकळीची विनंती आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने त्याच पहाटे घाट चढू नये. एक झोप काढून मगच निघावे. उतारावर गाडी गियरमधून काढून सोडू नये. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये तो उतरावा, म्हणजे सारा भार ब्रेकवर पडून ते तापून निकामी होणार नाहीत. चढणाऱ्या गाडीस आधी वाट द्यावी. वळणावर पुढच्या गाडीस मागे टाकू नये. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामास पोहोचावे. आणि 'हळू चालव' असे आई किंवा पत्नी म्हणाली, तर तो आपला अपमान समजू नये. तिच्या तोंडून राखणदार देवदूतच बोलत आहे असे मानावे.

पैशाबद्दल थोडेच सांगतो. सहलीसाठी कर्ज काढू नये. शेजाऱ्याने महाबळेश्वर पाहिले म्हणून आपण पाहिलेच पाहिजे, असा कायदा नाही. शाळेची फी आणि आईचे औषध बाजूला काढून उरले त्यात विल्सन हिलची एका दिवसाची शिदोरी बसत असेल, तर तोच आपला डोंगर.

रविवारचे काय? ठिकाण निवडताना आमच्या कुटुंबांतून हाच प्रश्न बहुधा शेवटी निघतो, तो आरंभीच निघावयास हवा. १९८३ सालच्या कॅनन कायद्याप्रमाणे रविवारच्या मिस्साचे कर्तव्य कोणत्याही कॅथलिक मंदिरात, त्या दिवशी किंवा आदल्या सायंकाळी पार पाडता येते. तेव्हा शनिवारी सायंकाळच्या मिस्साला जाऊन रविवारी पहाटे निघणे, हा सोपा मार्ग. खऱ्या अडचणीच्या प्रसंगी धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू सूटही देऊ शकतात. पण ती विचारून घ्यावी, स्वतःच घेऊन मोकळे होऊ नये. सुरत आणि डांग हे दोन्ही जिल्हे १९६६ साली स्थापन झालेल्या बडोदा धर्मप्रांतात येतात. डांगच्या अंतर्भागात आपल्या मिशनची मंदिरे आहेत. निघण्यापूर्वी आपल्या फादरांकडे मिस्साची वेळ विचारून ठेवावी. ज्यांस आणखी एक दिवस आहे, त्यांनी सापुताऱ्याहून पुढे सुमारे ऐंशी किलोमीटर जाऊन नाशिक गाठावे आणि नाशिकरोड येथील बाळ येशूच्या तीर्थमंदिरात गुडघे टेकावेत. तेथील मोठी यात्रा फेब्रुवारीत भरते. त्या दिवसांत वृद्धांस नेणार असाल तर गर्दीचा विचार करून न्यावे.

आणि आता, वाचकहो, ज्या गोष्टीसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट. आपण ज्या डोंगरावर विसाव्यास जातो, तो कोणाचे तरी घर आहे.

डांग हा आदिवासींचा मुलूख आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे सव्वादोन लाख होती आणि तीत शंभरातील नव्वदांहून अधिक माणसे आदिवासी होती. इंग्रजांनी १८४२ साली येथील भिल्ल राजांकडून जंगले पट्ट्याने घेतली; त्या राजांच्या वंशजांस आजही होळीच्या सुमारास आहव्याच्या दरबारात मानाने सालिना दिला जातो. १ मे १९६० रोजी जुन्या मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, तेव्हा डांग गुजरातेत गेला. पण तेथील माणसाची डांगी बोली कानी पडली, की खानदेशच्या माणसास ती परकी वाटत नाही. सापुतारा गिरिस्थान म्हणून उभे राहिले, तेव्हा तेथील मूळ कुटुंबांस उठवून जवळच नवागामला वसविण्यात आले. आपण ज्या तलावाकाठी भजी खातो, तेथे कोणाची तरी शेते होती, एवढे तरी आपल्या मुलांना ठाऊक असावे.

आणखी एक गोष्ट पाहा. सहलीस उत्तम काळ म्हणजे दिवाळीनंतरचा हिवाळा. नेमक्या त्याच काळात डांगची गावे अर्धी रिकामी असतात. कारण डांग, तापी, नंदुरबार या भागांतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, मुलाबाळांसह ट्रकमध्ये बसून, बारडोली-सुरतेकडच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयास खाली उतरतात. नवराबायकोच्या जोडीस तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नाव जाऊन हत्याराचे नाव उरते. शेताच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली ती कुटुंबे उन्हाळ्यापर्यंत राहतात आणि मुलांची शाळा मागे राहून जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमान यांनी दक्षिण गुजरातेतील या मजुरांच्या स्थितीवर अनेक वर्षे लेखन केले आहे. सुरतेचा माणूस विसाव्यास वर चढतो आणि डांगचा माणूस पोटासाठी खाली उतरतो. दोघांची गाठ एकाच रस्त्यावर पडते. पण गाडीच्या बंद काचेतून ती गाठ आपणांस दिसत नाही.

म्हणून काय सहल सोडून द्यावी? मुळीच नाही. आपण गेल्याने तेथील स्त्रियांच्या चुलीवरच्या नागलीच्या भाकरीस आणि बांबूच्या कोंबांच्या लोणच्यास गिऱ्हाईक मिळते. पण जावयाचे ते पाहुण्याच्या रीतीने जावे. जी बाई दहा रुपयांच्या रानमेव्यासाठी उन्हात बसली आहे, तिच्याशी घासाघीस करू नये. कोणाची झोपडी, कोणाचे उघडे मूल यांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत. बाटल्या व कागद परत आणावेत. मुलांस संग्रहालयातील पुतळ्यांबरोबर जिवंत माणसेही दाखवावीत. 'डांगनी दीदी' म्हणून ओळखल्या गेलेल्या पूर्णिमाबेन पकवासा यांनी सापुताऱ्यास आदिवासी मुलींसाठी शाळा उभारली आणि शंभरी ओलांडून २०१६ साली त्या निवर्तल्या, ही हकीकत मुलांस तेथेच सांगावी.

आणि मिस्साला गेलात तर मागच्या बाकावर बसून लगेच निघू नका. १९९८ च्या नाताळात डांगमधील अनेक लहान प्रार्थनामंदिरांवर हल्ले झाले, काही जाळली गेली. तरीही तेथील साध्या माणसांनी प्रार्थना सोडली नाही. अशा बांधवांशेजारी गुडघे टेकण्याची संधी आपणांस सहलीच्या निमित्ताने मिळते. मिस्सा संपल्यावर दोन शब्द बोलावेत. तेथील वसतिगृहास, पाळणाघरास काय हवे ते धर्मभगिनींस विचारावे. जमल्यास परतल्यावर पाठवून द्यावे. सुरतेस परत आल्यावर उसाच्या फडाकडेला वस्ती दिसली, तर या लोकांच्या गावी आपण जाऊन आलो आहोत, हे मुलांच्या ध्यानात आणून द्यावे. एवढ्यानेही मुलाच्या मनात एक खिडकी उघडते.

तेव्हा आमचे मत थोडक्यात असे. एकच दिवस असेल आणि घरात वृद्ध असतील, तर विल्सन हिल. एक रात्र काढता येत असेल, तर पावसाळा ओसरल्यावर सापुतारा, आणि एक दिवस अधिक असल्यास नाशिकचे बाळ येशू. तीन दिवस आणि तरुण पाय असतील, तर तोरणमाळ. बर्फाचा डोंगर मुलांनी मोठे होऊन, आपल्या कमाईने पाहावा; तोपर्यंत संत फ्रासातीची गोष्ट त्यांस पुरेशी आहे. निघण्यापूर्वी घरातील सर्वांनी मिळून जपमाळेचा एक दशक म्हणावा, आणि त्यात चालविणाऱ्याची व रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाची आठवण ठेवावी.

पवित्र कुमारी मरिया तुमच्या प्रवासात तुमच्या सोबत असो, आणि जितके जण निघाल तितके सर्व सुखरूप घरी पोहोचोत, हीच आमची प्रार्थना.